बारा दिवसांची घटका

एका गावात एक विणकरीण राहायची, आणि त्या गावाला एक खोड होती. तिथे गोड पदार्थाची चव कुणी जिभेने घेत नसे, वेळेने घेत असे. पानात लाडू पडला की पहिला प्रश्न, "किती वेळ लागला?" दोन प्रहर म्हटलं की माना डोलायच्या. दोन दिवस म्हटलं की डोळे मिटायचे. आणि "झाला हो पटकन" असं कुणी म्हटलंच, तर लाडू कितीही चांगला असो, खाणाऱ्यांचे चेहरे तो घशात अडकल्यासारखे व्हायचे.

गाव तसं लहान, वीस उंबऱ्यांचं. वैशाखात ग्रामदेवीची जत्रा झाली की देवळापुढे पंगत बसे. प्रत्येक घरातून एक गोड पदार्थ यायचा. वाढण्याआधी घरची बाई उभी राहून पदार्थाचं नाव सांगायची आणि त्याला लागलेला वेळ सांगायची. जिचा वेळ सगळ्यात जास्त ती मानाच्या पाटावर. शिसवी पाट, भोवती रांगोळी, शेजारी समई. बाकीच्या बायकांनी वेळ कमी होत जाईल तसं खाली खाली सरकत बसायचं. वाढपीही वाढायला सुरुवात करायचे ते मानाच्या पाटापासूनच.

अकरा वर्षं तो पाट पाटलीणबाईंकडे होता. त्या अनारसे करत. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग सुकवून कुटायचे, गुळात मळायचे आणि ते पीठ आठ दिवस डब्यात मुरवायचं. "अनारसे. अकरा दिवस," असं म्हणून पाटलीणबाई पदर सावरत आणि सगळी पंगत एका सुरात "वा!" म्हणे. आता ते अनारसे दातांना जरा जड जात. जरा म्हणजे, एका वर्षी सुताराने आपल्या अनारशाकडे पटाशीने तासून बघावा अशा नजरेने पाहिलं होतं. पण अकरा दिवसांच्या पदार्थाला कडक म्हणण्याची छाती कुणाची होती?

विणकरणीची जागाही ठरलेली होती. सगळ्यात शेवटी, पाण्याच्या हौदाजवळ. वाढपी तिच्यापर्यंत पोचेतो भाजीतल्या फोडी संपून नुसता रस्सा उरलेला असे, आणि जिलेबीच्या ताटात पाक. ती आळशी होती असं मुळीच नाही. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती आणि तिचा नवरा मागावर असत. एकजण धोटा टाकी, दुसरा सूत भरी. चुलीपाशी अकरा दिवस बसायला तिला फुरसत नव्हती आणि अकरा घटका बसायलाही नव्हती. म्हणून ती दरवर्षी शिकरण आणी.

"शिकरण," ती उभी राहून पुटपुटायची. "केळी कुस्करायला लागला तेवढा वेळ."

पंगत हसायची. त्या हसण्यात वाईट भाव नसायचा, पण दरवर्षी हसायची. विणकरणीला ते फार लागायचं. घरी आल्यावर ती धोटा इतक्या जोरात टाकायची की दोन गल्ल्यांपलीकडे कळायचं, आज जत्रेची पंगत झाली.

एका वर्षी काय झालं, देवीला नेसवायचं लुगडंच तिच्या मागावर होतं. जत्रेच्या दिवशी भर दुपारी ते पुरं झालं. नवरा ते घडी घालून देवळात घेऊन धावला आणि जाताना म्हणाला, "अगं, पंगतीला एकच घटका राहिली. शिकरण केलीस ना?"

घटका म्हणजे आपली चोवीस मिनिटं. आणि शिकरण तिने केलेली नव्हती, कारण घरात केळी होती जेमतेम चार. चार केळ्यांची शिकरण गावाला पुरवायची तर प्रत्येकाला नुसता वास द्यावा लागला असता.

विणकरीण स्वयंपाकघरात उभी राहिली आणि तिने चारी बाजूंना बघितलं. लोणी काढायला म्हणून साठवलेली म्हशीच्या दुधाची साय होती, पातेलंभर, गार पाण्याच्या परातीत ठेवलेली. जत्रेचे म्हणून आणलेले डझनभर आंबे होते. दोन डाळिंबं होती. आणि शंकरपाळ्यांचा डबा होता, ज्यात शंकरपाळे संपून तळाला नुसता चुरा राहिला होता.

पाककलेचं डोकं तिला नव्हतं, हे गावाचं मत. पण विणण्याचं होतं. सकाळपासून डोळ्यांपुढे पट्टेच पट्टे होते, पांढरा, पिवळा, पांढरा, काठाला लाल. तिने रंगीत सुताची रिळं ठेवायची मोठी काचेची बरणी रिकामी केली, लख्ख धुतली, पुसली. सायीत पिठीसाखर आणि वेलदोड्याची पूड घालून रवी हलक्या हाताने फिरवली. साय फुलली, कापसासारखी मऊ झाली, तशी ती थांबली. मग बरणीच्या तळाला शंकरपाळ्यांचा चुरा. त्यावर साय. त्यावर आंब्याच्या बारीक फोडी. पुन्हा चुरा, पुन्हा साय, केळ्यांच्या चकत्या, पुन्हा साय, पुन्हा आंबा. अगदी वर डाळिंबाचे दाणे, लुगड्याला काठ असावा तसे. बरणी तिने गार पाण्याच्या बादलीत ठेवली, तोंड धुतलं, लुगडं बदललं, बरणी उचलली आणि निघाली. एक घटका. वर एक पळही नाही.

पंगतीत बायका एकेक करून उठत होत्या. चिरोटे, दीड दिवस. बासुंदी, एक दिवस. पाटलीणबाई उठल्या, "अनारसे. अकरा दिवस." पंगत "वा!" म्हणाली. शेवटी विणकरीण उठली. काही जणांनी हसायची तयारी म्हणून तोंडातला पाण्याचा घोट गिळून टाकला.

तिने बरणीवरचं फडकं काढलं, आणि हसायला उघडलेली तोंडं तशीच उघडी राहिली. वैशाखातल्या उन्हात ते पट्टे असे काही दिसत होते, की पुढच्या रांगेतल्या पोरांनी गुडघ्यांवर उभं राहून बघितलं.

"हे काय गं?" पाटलीणबाईंनी विचारलं. "आणि वेळ किती?"

'एक घटका' हेच तिच्या मनात होतं. अगदी खरंच होतं. पण पाटलीणबाईंचे अकरा दिवस अजून सगळ्यांच्या कानांत होते, आणि गेल्या अकरा वर्षांत तिच्या हातातल्या भांड्याकडे एवढ्या माणसांनी मिळून कधी बघितलं नव्हतं.

"बारा," विणकरीण म्हणाली.

"बारा काय? घटका?"

"दिवस," विणकरीण म्हणाली. "बारा दिवस."

पुरुषांच्या पंगतीत तिच्या नवऱ्याला पाणी पिता पिता जोराचा ठसका लागला. शेजाऱ्याने त्याची पाठ थोपटली.

"बारा दिवस करतेस तरी काय?" सोनारणीने विचारलं. प्रश्न साधा होता, पण विणकरणीने उत्तर ठरवलेलं नव्हतं. मात्र एकदा खोटं बोललं की पुढचं बोलायला जीभ फार वेळ लावत नाही.

"पहिले तीन दिवस," ती म्हणाली, "आंबे पूर्वेकडे देठ करून मांडायचे आणि त्यांच्याशी गोड बोलायचं. पुढचे तीन दिवस साय शांत ठेवायची. घरात जराही आवाज नको, साय बिथरते. मग तीन दिवस चुरा उन्हात ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायचं. आणि शेवटचे तीन दिवस थर. एकेक थर लावायचा आणि तो बसेपर्यंत थांबायचं."

"वा!" पंगत म्हणाली. अशी "वा!" त्या देवळाने ऐकलेली नव्हती. मग पाटलीणबाईंनी मोठ्या मनाने पाट सोडला, आणि विणकरीण त्यावर जाऊन बसली. पाट इतका गुळगुळीत होता की ती दोनदा घसरली, पण बसून राहिली. त्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदा भाजीतली फोड खाल्ली.

आता गोष्टीत एक म्हातारबाबा येतात. पाटलीणबाईंचे सासरे, गावाचे आबा. नव्वदी उलटलेली, तोंडात एक दात नाही. चैत्रात ताप येऊन गेला तेव्हापासून त्यांच्या तोंडाची चव गेली होती. ताकाच्या घोटावर आणि पेजेच्या चार चमच्यांवर दिवस चालले होते. अंगाची नुसती काडी राहिली होती. पाटलीणबाई मानी बाई खरी, पण सासऱ्यांवर तिचा जीव होता. दुधात भिजवून, कुस्करून, काय काय घेऊन ती त्यांच्या बाजेपाशी बसायची, आणि आबा भिंतीकडे तोंड फिरवायचे.

जत्रा म्हणून त्यांना बाजेसकट देवळापुढे आणलं होतं. वाढप्याने त्यांच्या हातातही एक द्रोण ठेवला. आबांनी एक चमचा तोंडात घातला. तोंड मिटलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग त्यांनी दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, द्रोण पुसून काढला आणि बोटं चाटून विचारलं, "अजून आहे का?"

बरणीच्या तळाला होतं तेवढं त्यांना दिलं. तेही त्यांनी संपवलं. पाटलीणबाई पदराआड रडत होत्या आणि हसत होत्या. पाट गेला हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या विणकरणीच्या दारात उभ्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"मामंजी उठल्यापासून एकच म्हणताहेत, ते मऊ आण. नाव ठाऊक नाही ना, मऊ म्हणताहेत. पेज नको, ताक नको. अगं, तुझ्याकडे उरलंय का थोडं?"

"नाही हो, सगळं संपलं."

"मग करशील? साय देते, आंबे देते, म्हणशील ते आणून देते."

विणकरणीने तोंड उघडलं. घरात साय होती, आंबे होते. आत्ता बसली असती तर पाटलीणबाई परत घरी पोचायच्या आत बरणी तयार झाली असती. पण मग "बारा दिवस" कुठे गेले असते? तिला दिसलं, सगळं गाव हसतंय, आणि एक दिवस नाही, बारा महिने हसतंय.

"करते," ती म्हणाली. "पण बारा दिवस लागतील."

पाटलीणबाईंनी बोटं मोजली. "बारा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बरं. आजपासूनच लाग मग."

त्या गेल्यावर मागावरून नवरा म्हणाला, "मी काही बोललो का?"

"नाही."

"बोलणारही नाही," तो म्हणाला, आणि धोटा टाकू लागला.

पण गाव थोडंच गप्प बसतंय! बारा दिवसांचा पदार्थ होतो कसा, हे बघायला बायका शिकायच्या तयारीने तिच्या ओसरीवर येऊन बसल्या. विणकरणीला आंबे मांडावे लागले, पूर्वेकडे देठ करून. मग सगळ्याजणी तिच्याकडे बघू लागल्या.

"बोल की त्यांच्याशी," सोनारीण म्हणाली.

विणकरणीने घसा खाकरला. "काय... बरे आहात ना?" ती आंब्यांना म्हणाली.

बायकांनी माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत गावातल्या सात घरांत आंब्यांची विचारपूस सुरू झाली होती. सोनारीण तर आपल्या आंब्यांना माहेरची खुशाली सांगत होती, आणि सोनार दारात उभा राहून, हे सगळं आपल्याला इतकी वर्षं कसं माहीत नव्हतं, असा चेहरा करून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी बायका म्हणाल्या, आबांची तब्येत बघता वेळ नको घालवायला, आंब्यांबरोबर सायही आजच शांत ठेव. आता सायीला आवाज चालत नाही हे विणकरणीनेच सांगितलेलं. खटाक खटाक करणारा माग बंद करावा लागला. नवरा मागावर हात ठेवून नुसता बसून राहिला. लग्नाचा एक शालू अर्धा विणून अडकला होता. तो काही बोलत नव्हता, आणि न बोलण्याचीही एक तऱ्हा असते, तिने विणकरीण अगदी भाजून निघत होती.

तिसऱ्या दिवशी उन्हाने आपलं काम केलं. आंब्यांना मुंग्या लागल्या. आणि शांत ठेवलेल्या सायीला असा काही आंबूस वास सुटला की दारची म्हैससुद्धा तोंड फिरवून उभी राहिली.

"असाच वास यायला हवा का?" कासारणीने नाकाला पदर लावून विचारलं.

"हो, हो. तोच तर... हेच लक्षण," विणकरीण म्हणाली आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिने रवी उचलून सायीत घातली. बायका टक लावून बघत होत्या, म्हणून थांबताही येईना. ती घुसळत राहिली, घुसळत राहिली, आणि सगळ्यांच्या देखत लोण्याचा हा एवढा गोळा वर आला.

बायका पुढे वाकल्या.

"हे लोणी आहे," सोनारीण म्हणाली.

"दिसतंय लोण्यासारखं," विणकरीण म्हणाली. "मधली पायरी आहे ही."

त्या रात्री सात घरांत लोणी निघालं.

ओसरी रिकामी झाल्यावर नवरा पहिल्यांदा बोलला. "आबांनी आजही पेज घेतली नाही म्हणे."

विणकरीण बाहेर काढलेली रिळं बरणीत भरत बसली, मग पुन्हा बाहेर काढत बसली.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्याने राहवेना. निदान बघून तरी यावं, म्हणून ती पाटलांच्या घरी गेली. आबा ओसरीवर बाजेवर पडलेले होते. पाटलीणबाई वाटीत ताक घेऊन पायथ्याशी बसल्या होत्या. वाटी भरलेलीच होती. भिंतीवर कोळशाने रेघा ओढलेल्या होत्या, चार.

"कोण? विणकरीण का?" आबांनी डोळे किलकिले केले. आवाज अगदी बारीक झाला होता. "ये, बस. किती राहिले गं?"

"काय आबा?"

"दिवस. मी मोजतोय. रोज सकाळी सूनबाईकडून एक रेघ ओढून घेतो. चार झाल्या." त्यांनी दम खाल्ला. "आठ राहिले. ही म्हणते, मामंजी, पेज घ्या तोवर. मी म्हटलं, नको. ती बिचारी विणकरीण आपलं काम टाकून बारा दिवस माझ्यासाठी खपतेय. माग बंद ठेवलाय म्हणे. मग मला थांबायला काय होतंय? पोटात भलतंसलतं भरून तिच्या कष्टांचा मान का घालवू?" मग ते बोळकं पसरून हसले. "तू मात्र बेताने घे हो. वेळेत झालं तर मला वाढ, नाहीतर माझ्या नावाने वाढ."

विणकरीण उभी राहिली. पंगतीचं हसणं तिने अकरा वर्षं सोसलं होतं, त्याने कधी इतकं लागलं नव्हतं.

"पाटलीणबाई, साय आहे घरात?"

"आहे की, सकाळची ताजी. का गं?"

"आंबे?"

"आहेत. पण त्यांच्याशी कुणी बोललेलं नाही."

"मरू दे ते बोलणं! डाळिंब असेल तर द्या. आणि चुरा करायला काहीतरी. शंकरपाळे, काहीही."

"शंकरपाळे नाहीत. अनारसे उरलेत जत्रेतले."

"ते द्या. आणि वरवंटा द्या."

विणकरीण तिथेच, ओसरीवर, आबांच्या डोळ्यांसमोर बसली. वरवंट्याखाली अनारसे असे वाजू लागले की रस्त्यावरची माणसं डोकावली, आणि एक आलं की चार येतात, तशी सगळी ओसरी भरली. सोनारीण आली, कासारीण आली, विणकरणीचा नवराही आला. तिने साय घेतली, साखर घातली, वेलदोडा घातला, रवी फिरवली आणि साय फुलताच थांबली. चुरा, साय, आंबा. चुरा, साय, आंबा. वर डाळिंब. बरणी नव्हती, म्हणून काचेच्या गडव्यात. मग तिने गडवा आबांपुढे ठेवला, हात जोडले आणि सगळ्यांकडे वळून, पंगतीत उभं राहतात तशी उभी राहिली.

"मऊ," ती म्हणाली. "एक घटका."

"काय?" सोनारीण म्हणाली.

"एक घटका लागते. जत्रेलाही एकच घटका लागली होती. बारा दिवस मी खोटं सांगितलं. आंबे, पूर्व, शांत साय, सगळं खोटं. लोणी तेवढं खरं, ते चुकून झालं."

सोनारीण मटकन खाली बसली. तिने आंब्यांना नणंदेच्या कुरबुरीसुद्धा सांगून ठेवल्या होत्या.

पाटलीणबाई मात्र उठल्या. चेहरा लालबुंद झाला होता. "चार दिवस!" त्या म्हणाल्या. "चार दिवस मी ह्यांच्या उशाशी बसून रेघा ओढतेय. घासभर अन्न पोटात नाही. आणि तुझ्याच्याने ते एका घटकेत झालं असतं? एका पाटासाठी? अगं, पाट हवा होता तर मागायचास, उचलून घरी पाठवला असता मी!"

विणकरणीने मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी टपटप पायांवर पडत होतं, आणि ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात बाजेवरून आवाज आला. गडव्याच्या तळाशी चमचा खडखड वाजत होता.

"अजून आहे का?" आबांनी विचारलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. गडवा रिकामा. आबांच्या हनुवटीला साय लागलेली, मिशीत डाळिंबाचा एक दाणा.

"आणि सूनबाई," ते म्हणाले, "खाली ते खमंग खमंग काय होतं गं?"

"अनारसे, मामंजी. माझे."

"तुझे? इतके छान करतेस? मग मला कधी वाढले का नाहीस?"

"अकरा वर्षं वाढतेय, मामंजी!"

"असं होय," आबा म्हणाले. "मला वाटायचं, ते पंगतीत पत्रावळी उडू नयेत म्हणून ठेवतात."

आधी विणकरणीचा नवरा हसला. मग सोनारीण. पाटलीणबाईंनी ओठ दाबून धरले, धरले, आणि शेवटी त्यांच्याही तोंडून हसू फुटलं, रडण्यात मिसळून. चार दिवसांनी सासऱ्यांच्या पोटात अन्न गेलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि धप्पकन बसल्या.

"आता निघालंच आहे तर ऐका," त्या म्हणाल्या. "माझे ते अकरा दिवस. त्यातले तीन दिवस तांदूळ भिजतात आणि आठ दिवस पीठ डब्यात असतं. तेवढा वेळ मी काय करते? दुपारी झोपते. माझं काम म्हणाल तर दोन प्रहरांचं, तेही ओढून ताणून."

"माझी बासुंदी सूनच ढवळते," कोपऱ्यातून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं.

"दीड दिवसात अर्धा दिवस माझं शेजारणीशी बोलणं असतं," दुसऱ्या कोपऱ्यातून आलं.

पाटलीणबाईंनी विणकरणीकडे बघितलं. राग पुरता गेला नव्हता, आणि तो जायलाही नको होता. "तुला शिक्षा आहे," त्या म्हणाल्या. "मामंजी धडधाकट होईतो रोज सकाळी इथे येऊन हे करून जायचं. आणि मला शिकवायचं."

"शिकवायला दोन दिवस..." विणकरीण म्हणाली आणि पटकन थांबली. "एक घटका लागेल," ती म्हणाली.

त्या दुपारी गावात माग पुन्हा वाजू लागला. आबांच्या भिंतीवरच्या रेघा पाटलीणबाईंनी शेणाने सारवून टाकल्या. आषाढ लागेपर्यंत आबा काठी घेऊन देवळापर्यंत जाऊ लागले, आणि वाटेत प्रत्येक दारात थांबून विचारू लागले, तुमच्याकडे आज काही मऊ आहे का?

पुढच्या वैशाखात पंगत बसली. विणकरीण कुणी सांगायच्या आधीच आपल्या जुन्या जागी, हौदाजवळ जाऊन बसली. मानाच्या पाटाकडे कुणीच सरकेना, म्हणून आबांनी त्यावर आपली काठी ठेवली आणि बाज हौदाकडे हलवायला लावली. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली.

"मऊ," ती म्हणाली. "एक घटका."

कुणी हसलं नाही. कुणी "वा!"ही म्हटलं नाही. वाढप्यांनी भांडी उचलली, एकदा त्या मोकळ्या पाटाकडे बघितलं, एकदा हौदाजवळच्या बरणीकडे बघितलं, आणि वाढायला हौदाच्या टोकापासून सुरुवात केली. त्या गावात आता गोड वाढल्यावर किती वेळ लागला हे कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, अजून आहे का?

तात्पर्य: सोप्या कामाची लाज वाटून त्याला अवघड म्हणू नये, कारण आपल्या त्या खोट्या दिवसांत खरा भुकेला ताटकळत बसतो. आणि साय फुलली की रवी थांबवावी, हेही जाता जाता लक्षात ठेवावं.